दुसऱ्यांदा विचारायचं राहिलं

"मित्रा गेली," शांता फोनवर म्हणाली तेव्हा दुपार होती आणि मी शेजाऱ्याच्या विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडून ओट्यावर बसलो होतो. गेली म्हणजे कुठं गेली... पुण्याहून इकडं यायला निघाली का, ऑफिसात गेली का? मी विचारलं, "काय म्हणलीस?" कुणी काही सांगितलं की ते दुसऱ्यांदा विचारून घ्यायचं, ही माझी आयुष्यभराची सवय. शांता माझी धाकटी बहीण आणि मित्रा, म्हणजे संघमित्रा, तिची एकुलती एक लेक; अलीकडं शांता तिच्याचजवळ पुण्यात असायची. शांता पुन्हा म्हणाली, "गेली रे दादा. आपली मित्रा गेली." दुसऱ्यांदा विचारलं नसतं तर अजून घडीभर ती कुठंतरी निघालेलीच राहिली असती.

चार-पाच दिवसांचा ताप, डेंग्यू म्हणाले. आम्ही पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आता त्याला काही आठवडे झाले. तिच्यावर लिहायला बसलोय तर पहिल्या ओळीपासून खरं लिहितो. फोन खाली ठेवल्यावर मला पहिल्यांदा दुःख झालं नाही, भीती वाटली. लाज वाटते लिहायला, पण तसंच झालं. कारण त्या पोरीला मी एक गोष्ट खोटी सांगितली होती. एकच. ती तिनं माझ्या भरवशावर आपल्या कामात घातली, आणि ते काम जगात कुठंही बसलेला इंजिनियर उघडून वापरू शकतो. मित्रा असती तर एक ना एक दिवस ती गोष्ट दुरुस्त झाली असती. त्या घडीला खरं काय ते माहीत असलेला माणूस मी एकटाच उरलो होतो, आणि माझं वय सत्तरच्या पुढं आहे. मी मेलो की ते खोटंच खरं म्हणून राहणार, ही ती भीती. ती अजून पुरती उतरलेली नाही.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. वीज खात्यात हेल्पर म्हणून लागलो आणि लाईनमन म्हणून बाहेर पडलो. जाफराबाद भागात माझा हात लागला नाही असा जुना खांब सापडायचा नाही. हा लेख मी स्वतःच्या हातानं लिहिलाय. पेपरच्या पुरवणीच्या साहेबांनी काना-मात्रा जरूर बघावी, पण शब्द बदलू नयेत.

आमच्या कामात एक माणूस खांबावर असतो आणि एक खाली. खालच्यानं सबस्टेशनला सांगून लाईन बंद करून घ्यायची, वरच्यानं काम करायचं, आणि काम झालं की खालच्यानं पुन्हा सांगायचं, माणूस उतरला, लाईन चालू करा. वरच्या माणसाचा जीव म्हणजे खालच्या माणसाचा एक शब्द. म्हणून मी तो शब्द तोंडातून काढण्याआधी वरच्याला दोनदा विचारायचो. "उतरला का?" तो म्हणायचा, "उतरलो." दम धरून पुन्हा, "उतरला का?" बाकीचे लाईनमन हसायचे. रहीमभाई म्हणून माझ्या बरोबरीचा लाईनमन होता, पिंपळगाव रेणुकाईचा. त्यानं माझं नाव 'डब्बल' पाडलं. "डब्बलला बायकोनं जेवायला वाढलं, तर ताटाकडं बघून इचारतो, वाढलं का?" असं तो सगळ्या स्टाफला सांगत फिरायचा. मला राग यायचा नाही, उलट छाती फुगायची. नंतर साहेब लोकसुद्धा म्हणायचे, त्या फीडरच्या लाईनीवर डब्बलला पाठवा, काळजी नाही.

शांताचा नवरा लवकर गेला. ती मित्राला घेऊन आमच्याकडं आली तेव्हा पोरगी चार-पाच वर्षांची होती, आणि माझ्या मागं-मागं असायची. घरातला फ्यूज उडाला की मी स्टुलावर चढायचो आणि तिला मेन स्विचपाशी उभं करायचो. "बंद केला?" "केला." "बंद केला?" एकदा ती वैतागली. "केला म्हणलं न मामा, कितींदा इचारता?" मी खाली उतरलो, तिला समोर बसवलं आणि सांगितलं, "माय, दुसऱ्या बारीला चिडायचं न्हाई. पह्यल्या बारीला तू मला सांगतीस. दुसऱ्या बारीला तू सोता वळून बघतीस." तिनं मान वळवून स्विचकडं बघितलं. स्विच चालूच होता. तिनं खटका दाबला होता तो शेजारच्या बल्बचा. त्या दिवशी तिच्या तोंडाचा रंग उडाला, आणि माझाही उडाला, पण मी दाखवलं नाही. तेव्हापासून तिला दोनदा विचारायची सवय लागली ती लागलीच. चहाचा कप हातात घेतला की, "साखर घातली?" "घातली." "घातली?" पाहुण्यारावळ्यांत लोक हसायचे. मोठी इंजिनियर झाली तरी गेली नाही ही खोड.

शाळा भोकरदनला झाली, एसटीनं जाऊन-येऊन. इंजिनियरिंग संभाजीनगरला आणि मंग पुण्याला नोकरी. पुण्यात सुरुवातीला तिला फार जड गेलं. ती म्हणायची 'काम करून राह्यले' आणि पोरंपोरी हसायची. काही दिवस ती बोलायचीच बंद झाली. सुटीत आली तेव्हा मी म्हणलो, त्यांच्यासारखं बोलायला शिक, त्यात काय आहे. तर माझ्यावरच उखडली. "कामून शिकू? करून राह्यले म्हणलं की समोरच्याला कळतंय, काम चालू हाय, संपलं न्हाई. एवढा चांगला शब्द कामून टाकू?" हट्टी होती. कुणावर गेली होती ते सांगायला नको.

तिचं काम काय आहे ते समजायला मला दोन-तीन वर्षं लागली. एका दिवाळीत तिनं ओट्यावर लॅपटॉप उघडला आणि स्क्रीनवर लाईन दाखवली. खांब नाहीत, तारा नाहीत, नुसत्या रेघा आणि आकडे.

"ही लाईन कुठं हाय?" मी विचारलं.

"कुठंच न्हाई मामा. खोटी हाय. कॉम्प्युटरमधी बनवलेली."

"मंग हिचा झटका लागतो का?"

"न्हाई लागत."

"मंग काय कामाची."

ती हसली. म्हणाली, "तेवढ्यासाठीच तर हाय. खऱ्या लाईनीवर चूक झाली की माणूस जातो. म्हणून आधी खोट्या लाईनीवर चूक करून बघायची." मंग तिनं नीट सांगितलं. अख्खी वीज-यंत्रणा एका कॉम्प्युटरात मावत नाही. म्हणून एक तुकडा पुण्यात, एक तुकडा कुठं परदेशात, तिसरा आणखी कुठं. पुण्यातला कॉम्प्युटर खोटी लाईन, तिकडचा खोटं सबस्टेशन. त्यांनी एकमेकांना सारखे निरोप द्यायचे, इतका दाब आहे, इतका करंट आहे, हा स्विच बंद झाला. आणि हे निरोप खऱ्याच्या वेगानं गेले पाहिजेत, एका सेकंदात कितीतरी वेळा. निरोप पोहोचवणारा जो प्रोग्राम होता, तो मित्रा आणि तिच्यासारखी दहा-वीस माणसं मिळून लिहीत होती. मी म्हणलो, "एका सेकंदात इतक्यांदा इचारतात? मंग मलाच डब्बल कामून म्हणतात?" शांता आतून हसत बाहेर आली, तेव्हाचं तिचं तोंड अजून डोळ्यांपुढं आहे.

त्या प्रोग्रामला कुलूप नव्हतं, हे मला पटेना. कुणीही उघडायचा, वाचायचा, वापरायचा, त्यात सुधारणा सुचवायची. मी म्हणलो, चोरतील की. ती म्हणाली, "चोरतील काय, आम्हीच दिलाय. जास्ती डोळे लागले की जास्ती चुका सापडतात." आणि तिचं स्वतःचं काम कुठलं, तर निरोप उशिरा पोहोचला, जुना झाला, वाटेत बिघडला, तर समोरच्यानं काय करायचं, तेवढंच. तेवढंच म्हणजे तेच सगळं. हे ऐकल्यावर मी लाईनमन म्हणून पहिल्यांदा तिच्या कामाकडं मान वर करून बघितलं.

त्याच दिवाळीत तिनं मला रहीमभाईच्या अपघाताबद्दल विचारलं. तिला प्रोग्राम तपासायला खरी घडलेली उदाहरणं पाहिजे होती. आणि मी तिला ते सांगितलं, जे खात्याच्या चौकशीत सांगितलं होतं. रहीमभाई खांबावर होता, मी त्याला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तो 'उतरलो' म्हणाला, मी लाईन चालू करायला सांगितली. पण पक्कड वर राहिली म्हणून तो न विचारता पुन्हा चढला आणि तेवढ्यात लाईन आली. पक्कड वर लटकलेली सापडली होती, त्यामुळं चौकशीतही सगळ्यांना ते पटलं होतं. रहीमभाई वाचला, पण उजवा हात कोपरापासून गेला. त्याला त्या दिवसातलं काहीच आठवत नव्हतं, सकाळी घरून निघाल्याचंसुद्धा नाही. नोकरी राहिली, टेबलापाशी बसायचं काम दिलं. पण 'स्वतःच्या चुकीनं हात घालवला' हे त्याला चिकटलं ते कायमचं. तोसुद्धा तसंच म्हणायचा. "मेरीच गलती. डब्बलनं तर दो बार पुछ्या था."

मित्रानं ती गोष्ट मन लावून ऐकली, वहीत उतरवली. पुढं तिनं ती प्रोग्राममध्ये तपासणीचं उदाहरण म्हणून घातली आणि त्याचं नाव ठेवलं 'मामा'. त्यातून तिनं असं काढलं, की दोनदा विचारलेला खरा निरोपसुद्धा थोड्या वेळानं शिळा होतो, तो ताजा समजून वापरायचा नाही. ती मला फोनवर सांगायची, मामा, तुमचं उदाहरण आज जर्मनीत कुणी चालवून बघितलं, तुमचं उदाहरण अमुक देशात कुणाला उपयोगी पडलं. मी गावात सांगत फिरायचो. खोटं आहे हे माहीत असून सांगायचो. माणूस किती फुगतो बघा.

आता खरं काय झालं ते लिहितो. 

तेव्हा मोबाईल नवे होते आणि रेंज फक्त टेकाडावर यायची. रहीमभाई खाली शंभर पावलांवर खांबावर, मी टेकाडावर फोन धरून. वारा जोराचा होता. कपाशीला पाणी द्यायला खोळंबलेली चार-पाच माणसं माझ्याभोवती, "आवो डब्बल, झालं का, मोटारी कधी चालू व्हायच्या?" काम चालू असेपर्यंत तारेला लावून ठेवायची अर्थिंगची साखळी रहीमभाईनं सोडून खाली टाकली ते मी बघितलं. म्हणजे काम संपलं. मी ओरडलो, "उतरला का?" वाऱ्यातून आवाज आला, "उतर... लो." फोनवर सबस्टेशनचा ऑपरेटर, "बोल, देऊ का?" माणसं, "सांगा वो लवकर." मी म्हणलो, "द्या."

एकदाच विचारलं होतं. शब्द तोंडातून सुटला आणि मी मान वळवली. रहीमभाई अजून खांबावरच होता, एक पाय खाली घेतलेला आणि एक अजून वर, हात तारेपाशी. तेव्हा मला कळलं तो काय म्हणाला होता. तो 'उतरून राह्यलो' म्हणाला होता. सुरुवातीचं 'उतर' माझ्यापर्यंत आलं, शेवटचं 'लो' आलं, मधलं वाऱ्यानं नेलं. आमची बोलीच अशी आहे, मधलं गळालं की चालू असलेलं काम संपलेलं होतं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर दोन गोष्टी झाल्या असत्या. त्यानं पुन्हा सांगितलं असतं, आणि मी वळून बघितलं असतं. मी फोनमध्ये 'नको, नको' ओरडलो. पण ते पोहोचायच्या आत... त्या आवाजाबद्दल मी लिहिणार नाही.

चौकशीत साहेबांनी विचारलं, दोनदा विचारलं होतं का? आणि मी डब्बल होतो. अख्ख्या तालुक्यात माझं तेवढंच तर होतं. मी 'हो' म्हणलो. टेकाडावरच्या माणसांचं लक्ष मोटारींकडं होतं, आणि त्यांना कुणी विचारलंही नाही.

मित्राची माझी शेवटची भेट झाली ती ताप येण्याच्या दीड-दोन महिने आधी. ती दोन दिवसांसाठी आली होती आणि वाट वाकडी करून रहीमचाचाला भेटून आली होती. लहानपणापासून तिचा लळा होता त्याला. निघायच्या दिवशी सकाळी ओट्यावर चहा घेताना तिनं तिथली गंमत सांगितली. ती दारात उभी राहून "चाचा" म्हणाली तर आतून पाण्याच्या आवाजात तिला अर्धंमुर्धं ऐकू आलं, "आलो." ही उभी. पाच मिनिटं झाली, दहा झाली, कुणी येईना. शेवटी रहीमभाई तोंड पुसत बाहेर आला. एका हातानं आंघोळीला वेळ लागतो. ती म्हणाली, आलो म्हणले आणि किती उशीर. तर तो म्हणाला, "अरे बेटा, मैं तो बोल्या, येऊन राह्यलो."

हे सांगून तिनं कप उचलला. मी कपात बघत होतो. "साखर घातली?" तिनं विचारलं. "घातली." "घातली?" "घातली गं माय." तिनं एक घोट घेतला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "मामा, रहीमचाचा त्या दिशी 'उतरलो' म्हणले व्हते का 'उतरून राह्यलो'?"

चालू लाईनीच्या फार जवळ हात गेला की हातावरचे केस उभे राहतात. तार हाताला लागलेली नसते, तरी अंगाला कळतं. तसं झालं. इतक्या वर्षांत कुणाला जो प्रश्न सुचला नाही तो या पोरीला सुचला. पुण्यात ज्या शब्दापायी तिला हसले, तोच शब्द तिनं धरून ठेवला होता, म्हणून सुचला.

"उतरलो म्हणला," मी म्हणलो. "दोन्ही बारीला."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत होतो. देवाधर्माची शपथ मी घेत नाही, पण खरं सांगतो, तिनं दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी सांगणार होतो. शब्द ओठावर आला होता. साखरेबद्दल दोनदा विचारणारी पोरगी... तिनं कप खाली ठेवला. वळणावर जीपवाल्यानं हॉर्न दिला. ती पिशवी उचलून म्हणाली, "येते मामा. पुढच्या बारीला निवांत बोलू." आणि गेली.

तिनं का विचारलं नाही? मी रोज हाच विचार करतो. तिला कळलं होतं आणि तिनं मला मोकळं सोडलं का? का माझ्याइतकीच तीही घाबरली होती, की दुसऱ्यांदा विचारलं तर मामा खरं बोलेल?

विहारात मित्राच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्याला तिच्या ऑफिसची अनघा म्हणून पोरगी पुण्याहून आली होती. वंदना झाली, माणसं बोलली, आणि जेवणाच्या पंगतीत ती माझ्याशेजारी येऊन बसली. "तुम्हीच ना ते मामा? तुमचं उदाहरण आम्ही सगळे वापरतो. नवीन कुणी काही लिहून पाठवलं की आधी 'मामा'तून पास व्हावं लागतं." तिनं ते मायेनं सांगितलं. मी हातातला घास ताटात ठेवला. मी विचारलं, त्यात निरोप अर्धाच पोहोचला तर काय होतं? ती म्हणाली, या उदाहरणात निरोप पूर्णच आहे ना, दोनदा मिळालेला, त्यामुळं अर्ध्याची तपासणी यात नाही. म्हणजे अर्धा निरोपसुद्धा माझ्या खोट्यातून पास होऊन कुठंतरी पुढं जाऊन राह्यला होता. खोट्या लाईनीवरून उद्या खऱ्या लाईनीवर. कुठल्या मुलखातला कोण माणूस, त्याची भाषा मला यायची नाही, पण त्याचा एक पाय खाली आणि एक पाय वर मला दिसायला लागला.

पुढच्या आठवड्यात अनघाचा फोन आला. मित्राचं राहिलेलं काम ती आवरत होती. तिनं सांगितलं, प्रोग्राममध्ये माणसांसाठी म्हणून ओळी लिहून ठेवता येतात, कॉम्प्युटर त्या वाचत नाही, सोडून देतो. 'मामा' उदाहरणाच्या वर मित्रानं अशी एक ओळ लिहून ठेवली आहे. बाकी सगळं इंग्रजीत, तेवढी एक ओळ मराठीत. "वाचू का?" अनघानं विचारलं. मी हो म्हणलो.

"'मामाला दुसऱ्यांदा विचारायचं राहिलंय.' हे कशाबद्दल आहे मामा? काही दुरुस्ती होती का?"

मी म्हणलो, "तुला चार दिसांनी सांगतो. आधी एका माणसाला सांगायचं हाय."

जीपनं भोकरदन आणि तिथून पिंपळगाव रेणुकाई. खांबावर मी कधी घाबरलो नाही इतका त्या रस्त्यानं घाबरलो. दोनदा वाटलं उतरून परत फिरावं. रहीमभाई अंगणात शेळ्यांना पाला टाकत होता. "आव डब्बल, आव. मित्राबेटीचं ऐकून लय वाईट वाटलं," म्हणाला, आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी म्हणलो, चहा नंतर, आधी ऐक. उभ्या-उभ्याच सांगितलं सगळं. टेकाड, वारा, 'उतर... लो', एकदाच विचारलं ते. चौकशीतलं खोटं.

त्यानं हातातला पाला खाली ठेवला. डावा हात उजव्या कोपरावर नेला आणि तसाच धरून राहिला.

"म्हणजे मी पुन्हा चढलो न्हाई?"

"न्हाई."

तो शेळ्यांकडं वळला. मंग माझ्याकडं न बघता, "न्हाई चढलो?"

"न्हाई रहीमभाई. तू उतरतच व्हता."

त्यानं घरातल्या सगळ्यांना बाहेर बोलावलं. बायको, मुलगा, सून. म्हणाला, "अब इनके सामने बोल. बाप की गलती, बाप की गलती, सुनते बडे हुए हैं ये." मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. त्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. मुलगा काही बोलायला पुढं आला, तर रहीमभाईनं त्याला हातानं थांबवलं. चहा आला होता, तो ओट्यावर तसाच राहिला. मी निघालो. फाटकापाशी त्याचा आवाज आला. "जा आता, कचरू. पुन्हा ये म्हणू का नको येऊ म्हणू, माझं मलाच ठरंना."

कचरू हे माझं नाव आहे. इतक्या वर्षांत त्यानं मला नावानं हाक मारली नव्हती. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन अनघाला फोन केला. तिनं सगळं लिहून घेतलं. म्हणाली, घाबरू नका मामा, दुसऱ्याही तपासण्या असतात, एका उदाहरणावर सगळं चालत नाही. ती मला धीर द्यायला बोलत होती, आणि कदाचित खरंही असेल, पण मला आता धीर पुरत नाही. मंग तिनं नवीन उदाहरण लिहिलं आणि मला मराठीत वाचून दाखवलं. पहिला निरोप अर्धा पोहोचला, तो पूर्ण समजला गेला, दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी म्हणलो, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं. बराबर होतं. तिनं विचारलं, याचं नाव बदलू का, तुमचं नाव नको असेल तर? मी म्हणलो, नाव 'मामा'च राहू दे. चूक मामाची आहे.

"आणि ती मित्राची ओळ?" ती म्हणाली. "ती काढून टाकू ना आता? विचारायचं राहिलंय म्हणून होती. आता तर झालं."

मी म्हणलो, "ती राहू दे."

"का मामा?"

"तिनं अजून इचारलेलं न्हाई."

लोकांना वाटेल, सांगून टाकलं, म्हातारा मोकळा झाला. तसं काही झालेलं नाही. जुनं उदाहरण ज्यांनी आधीच घेतलं, ते कुठं-कुठं पोहोचलं, अनघालाही सांगता येत नाही. कुलूप नसलेली वस्तू आहे, गेली ती गेली. तारांखालून जाताना मी वर दोनदा बघतो, खांबावर कुणी नाही ना, त्याशिवाय पुढचा पाय उचलत नाही.

सकाळी ओट्यावर दोन कप घेऊन बसायची सवय अजून मोडली नाही. शांता आमच्याकडंच असते आता, पण ती चहा आत घेते, ओट्यावर येत नाही. मित्राच्या कपात मी साखर घालतो, ढवळतो, तिच्या जागेवर ठेवतो. "साखर घातली?" असं कानात येतं. "घातली," मी म्हणतो. वळणावर जीपचा हॉर्न वाजतो, पोरं शाळेला निघतात, चहावर साय धरते. मी काही कप उचलत नाही. तिचं दुसऱ्यांदा विचारायचं राहिलंय, म्हणून थांबून राह्यलो.